टर्बो गेला म्हणतात, मला पटत नाहीये (जुनी डिझेल फोर बाय फोर, घाटात दम सोडते)

मुठेकाठचा | शनिवार, रात्री १०:४०

मंडळी, जरा अडलोय.

गाडी २०१४ची, अडीच लिटर कॉमन रेल डिझेल, फोर बाय फोर, १ लाख ८६ हजार किमी. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा दुसऱ्याच वळणाला लागतो. गाडी अकरा वर्षं चिखलात लोळलीये, दोष असलाच तर माझा.

मागच्या रविवारी ताम्हिणी उतरून निजामपूरपर्यंत गेलो होतो. उतरताना सगळं ठीक. येताना चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढेचना. आधी २००० आरपीएमच्या आसपास पाठीत हलकी लाथ बसायची, ती गायब. अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवला तर थोडा काळा धूर, मग पिवळा चेक लाइट, आणि त्यानंतर गाडी २५००च्या वर जायलाच तयार नाही. बाजूला घेतली, बंद करून चालू केली, तर पाच-सात मिनिटं परत शहाण्यासारखी. पुन्हा चढ, पुन्हा तेच. घरी यायला साडेनऊ वाजले. मागे बसलेल्या आईने "बैलगाडी बरी" असं दोनदा ऐकवलं.

वारज्याच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी बॉनेट उघडलं, रेस दिली, कान लावला आणि म्हणाले, टर्बो (इंजिनाच्या धुरावर फिरून आत जास्त हवा कोंबणारा पंखा) गेला. नवीन ४२ हजार, मजुरी वेगळी. काहीच खोललं नाही. त्याच वेळी ब्रेकही घाटात कडक लागतो म्हणालो, तर पॅड बदला म्हणाले. पॅड बदलले.

प्रश्न एवढाच, की ४२ हजार घालण्याआधी घरच्या घरी काय काय तपासता येईल? पानेबिने आहेत, गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचणारा एक ब्लूटूथवाला ओबीडी डोंगलही आहे.

चिंचवडी_टॉर्क | शनिवार, रात्री ११:०२

पहिला प्रश्न: अ‍ॅव्हरेज किती देते?

(हलके घ्या. राहवलं नाही.)

सह्यफिरस्ता | शनिवार, रात्री ११:१५

फ्युएल फिल्टर. डोळे झाकून. माझ्या गाडीला खंबाटकीत अगदी असंच झालं होतं, फिल्टर बदलला आणि घोडी उधळली. पावसाळ्यात डिझेलमध्ये पाणी येतं, फिल्टरखालचा नट सैल करून बाटलीत काढून बघ. पाणी खाली बसतं, डिझेल वर राहतं.

मुठेकाठचा | शनिवार, रात्री ११:३०

@सह्यफिरस्ता, फिल्टर मे महिन्यात बदललाय, तरी उद्या पाणी काढून बघतो.
@चिंचवडी_टॉर्क, अकरा. घाटात विचारू नकोस.

जुना_फिटर | रविवार, सकाळी ६:१०

चौतीस वर्षं भोसरीत डिझेल इंजिनं खोलली. आता निवृत्त आहे, म्हणून सकाळी सहाला फोरमवर.

काही खोलण्याआधी गाडी काय सांगते ते नीट ऐका. "पिकअप नाही" हे एक वाक्य झालं, पण त्यात चार वेगळे आजार असतात.

डिझेल कमी पडत असेल तर खाली गाडी बरी चालते आणि वर, म्हणजे लोड आणि आरपीएम दोन्ही वाढले की मरते. धूर जवळजवळ नसतो, कारण जाळायला डिझेलच नाही. तुम्हाला काळा धूर आहे. म्हणजे डिझेल पोहोचतंय, हवा पोहोचत नाहीये. फिल्टर बदलून सह्यफिरस्तांची घोडी उधळली असेल, तुमची उधळणार नाही.

हवा कमी का पडते? एअर फिल्टर बुजला, होज फाटला, ईजीआर (थोडा जळका धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकला किंवा टर्बो पुरेसा फुंकत नाही. टर्बो फुंकत नाही म्हणजे तो गेलाच असंही नाही. तुमच्या इंजिनला व्हीजीटी टर्बो असणार, ज्यात टर्बाइनभोवती पाती असतात आणि ती हलवायला एक दांडी असते. दांडी जागेवरून हललीच नाही तर नवा कोरा टर्बोसुद्धा मेल्यासारखाच वागेल.

आणि खरोखर मेलेला टर्बो सहसा गप्प मरत नाही. निळा धूर येतो, ऑइल कमी होतं, शिट्टीचा आवाज सायरनसारखा होतो. यातलं काही आहे का? असेल तर सांगा. नसेल तर ४२ हजार बँकेत राहू द्या.

मुठेकाठचा | रविवार, सकाळी ९:२०

काका, निळा धूर नाही. ऑइल पाच हजार किमीत अर्धा लिटरसुद्धा लागत नाही. आवाज मात्र बदललाय. आधी बारीक शिट्टी होती, आता "फुस्स" असं काहीतरी ऐकू येतं.

डिझेलमध्ये पाणी थेंबभरसुद्धा निघालं नाही.

चिंचवडी_टॉर्क | रविवार, सकाळी ९:४८

आता गंभीरपणे. डोंगल लाव आणि कोड वाच. माझी पैज पी ०२९९वर, म्हणजे अंडरबूस्ट: ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरने, जेवढा दाब मागितला तेवढा काही सेकंद मिळालाच नाही. मग तो इंजिन वाचवायला डिझेल छाटतो, तेच तुझं २५००चं कुंपण. बंद-चालू केलं की तो नव्याने विश्वास ठेवतो आणि तू पुन्हा त्याचा विश्वासघात करतोस.

आणखी एक. इंजिन बंद, फक्त किल्ली ऑन ठेवून मॅप सेन्सरचा (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) आकडा बघ. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर आहे, त्यामुळे इथे ९४-९५ केपीए (किलोपास्कल, दाबाचं माप) दिसला पाहिजे. महाडला जाऊन बघशील तर १०१, महाबळेश्वरला ८६च्या आसपास. इथे उभ्या गाडीत तुला १०५ किंवा ८० दिसला तर सेन्सरच खोटं बोलतोय आणि पुढचं सगळं निदान त्या खोट्यावर उभं राहील.

मुठेकाठचा | रविवार, सकाळी ११:०५

पी ०२९९. पैज जिंकलास.
किल्ली ऑन: ९५. घराजवळच्या उड्डाणपुलाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबून, १८०० आरपीएमला: १४८. हे चांगलं की वाईट?

चिंचवडी_टॉर्क | रविवार, सकाळी ११:२०

यातून बाहेरची हवा वजा कर. १४८ वजा ९५ म्हणजे ५३ केपीए, जेमतेम ८ पीएसआय. या जातीच्या इंजिनाकडून त्या आरपीएमला याच्या दुप्पट अपेक्षित असतं. बरेच लोक वजाबाकी विसरतात आणि "दीड बार बूस्ट येतोय की" म्हणून खूश होतात.

सह्यफिरस्ता | रविवार, सकाळी ११:३१

मी माझं फिल्टरचं मत मागे घेत नाही, फक्त बाजूला ठेवतो.

जुना_फिटर | रविवार, दुपारी १२:१५

"फुस्स" आहे ना, मग होज आधी. टर्बोपासून इंटरकूलर (तापलेली हवा थंड करणारी जाळी) आणि इंटरकूलरपासून मॅनिफोल्ड (इंजिनात हवा वाटणारा भाग). नुसतं साबणाचं पाणी मारून रेस देऊ नका, उभ्या गाडीत दाबच बनत नाही, बुडबुडे कुठून येतील? बाहेरून हवा भरावी लागते.

एअर फिल्टरकडून टर्बोत जाणारा रबरी पाइप काढा. त्या मापाची पीव्हीसी एंड कॅप घ्या, तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा. नाना पेठेत सगळं मिळेल. ती टोपी टर्बोच्या तोंडावर होजने आवळा आणि पायपंपाने हवा भरा. ८-१० पीएसआयच्या वर जायचं नाही. ब्रीदरचा (इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर नेणारा) पाइप बंद करायला विसरलात तर हवा इंजिनच्या पोटात जाईल आणि तुम्ही तासभर पंप मारत बसाल. टोपीसमोर तोंड नेऊ नका. आमच्याकडे एका पोराची टोपी सुटून समोरच्या शेडच्या पत्र्याला पोचा पाडून आली होती.

पाइप काढलाच आहे तर टर्बोच्या पंख्याला बोट लावा. इंजिन थंड असताना. वर-खाली किंचित डुगडुगला तर घाबरू नका, शाफ्ट तेलाच्या थरावर तरंगतो, त्याला तेवढी जागा लागते. आत-बाहेर खेळ जाणवला, किंवा पात्यांच्या कडा घराच्या भिंतीला घासल्या असतील, तर मात्र टर्बोवाल्याचा नंबर शोधा. ही चीज मिनिटाला दीड लाख फेऱ्यांच्या पुढे जाते, तिथे घासणं म्हणजे संपलं.

शनवारातला_शंका | रविवार, दुपारी १:४०

अवांतर: टर्बोचं मूळ पेटंट १९०५ सालचं आहे, आल्फ्रेड ब्युची या स्विस इंजिनिअरचं. १२० वर्षं झाली आणि आपण अजून पायपंप घेऊन बसलोय. वाचतोय.

नको_ते_डिझेल | रविवार, दुपारी २:१०

विका ती आणि इलेक्ट्रिक घ्या. ना टर्बो, ना धूर.

मुठेकाठचा | रविवार, दुपारी २:१४

@नको_ते_डिझेल, आईने तुम्हाला पाठवलंय का?

मुठेकाठचा | रविवार, संध्याकाळी ७:५०

सापडलं!!

पंखा नखभर वर-खाली डुगडुगतो, आत-बाहेर अजिबात नाही, पाती स्वच्छ. मग टोपी लावली, मी पंप मारला, बायकोने भांड्याच्या साबणाचं पाणी ब्रशने लावलं. सगळीकडे काही नाही. इंटरकूलरच्या खालच्या होजला क्लॅम्पच्या कडेशी पोहोचली आणि तिथे असा फेस आला की जणू कोणी दाढी करतंय. क्लॅम्प सोडला तर बरोबर त्याच्याखाली चंद्रकोरीएवढी चीर. वरून बघून जन्मात दिसली नसती. होजच्या आत तेलाचा पातळ थर आहे, तो चालतो ना?

जुना_फिटर | रविवार, रात्री ८:०५

पातळ थर चालतो, ब्रीदरमधून येतो. वाटीभर साचलं असतं तर बोललो असतो. होज नवा टाका. एम-सील, सायकलची ट्यूब वगैरे कलाकारी नको.

सह्यफिरस्ता | रविवार, रात्री ८:२०

अभिनंदन! ४२ हजार वाचले. मिसळ लागू.

शनवारातला_शंका | रविवार, रात्री ८:३३

वाचनखूण साठवली आहे. धागा सुफळ संपूर्ण.

मुठेकाठचा | बुधवार, रात्री ९:१५

सुफळ नाही, संपूर्ण तर त्याहून नाही.

नवा होज टाकला. फुस्स गेलं, शिट्टी परत आली. धूर कमी झाला. दोन दिवस शहरात गाडी मस्त. आज मुद्दाम जुन्या कात्रज घाटात नेली. दुसऱ्या गिअरमध्ये छान चढली. तिसऱ्यात टाकून १५०० पासून उचलायला गेलो तर पुन्हा तीच मरगळ, आणि जुन्या बोगद्याच्या अलीकडे दिवा. पी ०२९९. आकडा १४८ वरून १६५ झालाय, एवढीच प्रगती.

गंमत म्हणजे गिअर खाली टाकून २८०० च्या वर धरली की बऱ्यापैकी ओढते. खालीच जीव नाही. गॅरेजवाल्यांचा फोन येऊन गेला: "म्हटलं होतं ना, टर्बोच."

सह्यफिरस्ता | बुधवार, रात्री ९:२२

फिल्टर. 🙂

चिंचवडी_टॉर्क | बुधवार, रात्री ९:४०

ईजीआर काढून बघ. अकरा वर्षांत आत काजळीची वीट झाली असेल. व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल तर ताज्या हवेऐवजी जळका धूर परत आत जातोय.

पंपवाल्याची_लेक | बुधवार, रात्री १०:५५

सगळा धागा आज एका बैठकीत वाचला. बाबांचं पिंपरीत पंप-इंजेक्टरचं दुकान आहे, पाने ते फिरवतात, स्कॅनर मी बघते.

दादा, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये उत्तर लिहून ठेवलंय आणि पुढे पंधरा-वीस प्रतिसादांत त्यावर कोणीच बोललं नाही. ब्रेक घाटात कडक लागतो, असं तुम्ही म्हणालात. पॅड बदलले. मग ब्रेक मऊ झाला का?

झाला नसणार. पॅड झिजले तर ब्रेक कमी लागतो, आवाज करतो. पेडल लाकडासारखं होणं हे सहसा पॅडचं लक्षण नाही. ते व्हॅक्यूमचं आहे. डिझेल इंजिनला ब्रेक बूस्टरसाठी (पायाचा जोर वाढवणारा डबा) वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, आणि ज्या व्हीजीटीची दांडी व्हॅक्यूमवर चालते तिलाही त्याच पंपातून पाइप जातो. एका पंपाची दोन गिऱ्हाइकं, आणि तुमची दोन्ही तक्रार करतायत.

दांडी ओढली गेली की पाती मिटतात, वाट अरुंद होते, कमी धुरातही टर्बाइन जोरात फिरतं. तुमची २००० ची लाथ म्हणजे हीच. व्हॅक्यूम कमी पडला की पाती उघडीच राहतात. खाली जीव नाही, पण वर इंजिनातून धूरच एवढा येतो की टर्बो आपोआप फिरतो, म्हणून २८०० नंतर बरं वाटतं. होजची चीर खरी होती, पण ती एकटी नव्हती.

जुना_फिटर | गुरुवार, सकाळी ५:५५

ब्रेकचं वाक्य मी तीनदा वाचलं आणि तीनदा पुढे गेलो. बाबांना नमस्कार सांग, बाई.

आता मोजा. व्हॅक्यूम गेज आणि हातपंप लागेल, मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी नशिबाने मिळतो, नाहीतर नवा घ्या, वाया जात नाही. आधी दांडी ओढणाऱ्या डब्याचा (अ‍ॅक्च्युएटर) पाइप काढून हातपंप तिथे लावा. ओढल्यावर दांडी अटकत-अटकत नाही, सरळ गेली पाहिजे, आणि सुई मिनिटभर हलता कामा नये. सुई घसरली तर डब्याचा पडदा फाटलाय. दांडी अडकली तर आत काजळी आहे.

मग इंजिन चालू करून पंपाच्या तोंडाशी गेज लावा. पुण्यात २५-२६ इंच (पाऱ्याचे) दिसले तर पंप ठणठणीत. पुस्तकात २७-२८ लिहिलेलं असतं ते समुद्राकाठचं, आपल्याकडे बाहेरची हवाच मुळात २८ इंचांची आहे. त्यानंतर एकेक फाटा बंद करत जा.

मुठेकाठचा | गुरुवार, सकाळी ८:३०

ताई, ब्रेक मऊ झालेला नाही. मी समजत होतो नवीन पॅड बसायला वेळ लागतो.

नको_ते_डिझेल | गुरुवार, सकाळी ९:००

इलेक्ट्रिकला व्हॅक्यूम पंप... असतो काही गाड्यांना. जाऊ दे. मीपण वाचतोय.

मुठेकाठचा | रविवार, दुपारी ३:२०

आकडे देतो, मग गोष्ट सांगतो.

दांडीचा डबा: सुई दीड मिनिट जागची हलली नाही, दांडी लोण्यासारखी सरकते. म्हणजे टर्बो आणि अ‍ॅक्च्युएटर दोन्ही निर्दोष.
सगळे पाइप जोडलेले असताना, आयडलला: १४ इंच.
बूस्टरचा जाड पाइप चिमटा लावून बंद केला: तरी १४.
टर्बोकडे जाणारा बारीक पाइप टी आकाराच्या जोडापासून काढून तिथे बोट धरलं: सुई उडी मारून २६.

म्हणजे चोर बारीक फाट्यात. तो फाटा कुठे जातो हे शोधायला निम्मा तास गेला, कारण तो बॉनेटमध्ये दिसेनासाच होतो. पुढच्या डाव्या चाकाच्या मडगार्डच्या आत उतरतो, तिथे नारळाएवढा काळा प्लास्टिकचा डबा आहे, व्हॅक्यूम साठवायचा. तिथून पाइप परत वर सोलेनॉइडला (दांडीकडचा व्हॅक्यूम कमीजास्त करणारा विजेचा व्हॉल्व्ह) येतो. असा काही डबा माझ्या गाडीत आहे हे मला अकरा वर्षांत माहीत नव्हतं.

चाक काढलं, आतलं लायनर काढलं. डबा दिसेना, दिसला तो चिखल. कुंभाराच्या चाकावर असतो तसा घट्ट लाल गोळा, त्यात सुकलेलं गवत आणि एक गोगलगाईचं शंख. स्क्रू ड्रायव्हरने खरवडत गेलो तेव्हा कळलं, डब्याची एक क्लिप तुटलीये आणि सगळं वजन त्या बोटभर नळीवर लटकतंय, जिच्यावर पाइप चढतो. नळीच्या बुडाशी केसाएवढी चीर. हाताने डबा वर उचलून धरला आणि बायकोला गेज बघायला सांगितलं: "बावीस!" सोडला: "चौदा!" चार वेळा केलं, केवळ मजा म्हणून.

हे का झालं तेही कळलं. गेल्या पावसाळ्यात मी मोठे टायर टाकले होते. पूर्ण स्टिअरिंग कापून खड्ड्यात उतरलो की चाक लायनरला घासायचं. तेव्हा "थोडं घासतं, चालतं" म्हणून सोडून दिलं होतं.

पंपवाल्याची_लेक | रविवार, दुपारी ३:४१

हातात डबा धरून बावीस-चौदा करणारे तुम्ही पहिलेच. फोटो असेल तर टाका, बाबांना दाखवते.

डबा चिकटवू नका. आत सतत ओढ असते, चिकटवलेलं महिन्याभरात पुन्हा श्वास घेईल. दुसरा टाका, आणि टायर घासतो तिकडे नको, जागा बदलून वर फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधली भिंत) बसवा. पाइपही बदला, अकरा वर्षांचं रबर टोकाला कडक होतं आणि नव्या नळीवर घट्ट बसत नाही.

जुना_फिटर | रविवार, दुपारी ४:१०

बदलताना सोलेनॉइडवरचे दोन पाइप उलटसुलट लावू नका. आधी मोबाइलवर फोटो काढा. मी उलटे लावून आख्खा दिवस घालवलाय, १९९८ साली नव्हे, २०१७ साली.

मुठेकाठचा | मंगळवार, रात्री १०:०५

जुन्या गाडीतला डबा ३०० ला, पाइप आणि क्लिपा मिळून १८०. आयडलला सगळं जोडून २५ इंच.

जुना कात्रज घाट, तिसरा गिअर, १५०० पासून, आई मागे. १८०० ला २०४. लाथ बसली. दिवा नाही. शिंदेवाडीकडे उतरताना ब्रेक पहिल्या वळणापासून शेवटच्यापर्यंत सारखाच मऊ.

गॅरेजवाल्यांना सांगितलं नाही अजून. ऑइल बदलायला जाईन तेव्हा डबा दाखवीन.

सह्यफिरस्ता | मंगळवार, रात्री १०:१२

आणि आई काय म्हणाल्या?

मुठेकाठचा | मंगळवार, रात्री १०:१४

"एवढी जोरात कशाला चालवतोस?"

चिंचवडी_टॉर्क | मंगळवार, रात्री १०:२०

ईजीआर तरी साफ कर रे.